दुसरा पडदा सरकला तेव्हा : लांब दांडीच्या बालामावर बेसूर लागणाऱ्या एका सुराचा तपास

तुर्कस्तानात ज्याला साझ म्हणतात, त्या वाद्यकुळातलं सर्वांत प्रचलित वाद्य म्हणजे बालामा. लिहिताना मध्ये एक मुका ‘ग’ असतो, उच्चारात तो आधीच्या ‘आ’ला लांबवतो एवढंच. बालामाक म्हणजे बांधणं. दांडीला बांधलेल्या पडद्यांवरून हे नाव पडलं असं सांगतात, आणि या प्रकरणाचा गाभाही तोच आहे. मराठी वाचकाला इथले बरेच शब्द ओळखीचे वाटतील. साझ म्हणजे आपल्या ‘साजिंदे’मधला साज. पडद्याला तिथे ‘पेर्दे’ म्हणतात, नखीला ‘तेझेने’ किंवा ‘मिझराप’. या कुळातल्या एका आकाराचं नाव तर चक्क ‘तांबुरा’ आहे. सतार ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला पुढचं वर्णन जड जाऊ नये.

प्रकरण इझमीर शहरातलं. शिकणारी व्यक्ती प्रौढ आहे. आधी तीन वर्षं गिटार वाजवलेली, आता सरकारी लोकशिक्षण केंद्राच्या सायंवर्गात बालामा शिकायला आलेली. तिला इथे फक्त ‘विद्यार्थिनी’ म्हणू. ती कोणी एक खरी व्यक्ती नाही. गिटारकडून साझकडे येणारे नवशिके ज्या चुका ज्या क्रमाने करतात, त्या एका ठिकाणी मांडल्या आहेत. मोजमापं मात्र खऱ्या वाद्याची आहेत, आणि जिथे हिशेब केला आहे तिथे तो कोणालाही पडताळून पाहता येईल.

वाद्य

सेकंडहँड, लांब दांडीचा बालामा. भोपळ्याच्या जागी तुतीच्या लाकडाचा पोकळ पेटा, तोही एकाच ओंडक्यातून कोरलेला नाही, तर पातळ पट्ट्या जोडून केलेला. पेट्यावरचं झाकण, म्हणजे तबली, स्प्रूसची. पेट्याची लांबी 42 सेंटिमीटर. वरच्या आडीपासून (दांडीच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत (तबलीवर तारा पेलणारा आधार) तारेची मोकळी लांबी 880 मिलिमीटर. दांडीवर नायलॉनचे 23 पडदे. एका सप्तकात 17 पडदे बसतात, त्यामुळे सतराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचा वरचा सप्तक मिळतो.

तारा सात, पण गट तीन. मांडीवर वाद्य घेतल्यावर जमिनीच्या बाजूला येतो तो खालचा गट: दोन बारीक पोलादी तारा आणि त्यांच्या एक सप्तक खाली बोलणारी एक गुंडाळलेली खर्ज तार. मधल्या गटात दोन जाड तारा. वरच्या गटात एक बारीक आणि एक खर्ज. लांब दांडीसाठी दुकानात 0.18 चा (बारीक तारेची जाडी, मिलिमीटरमध्ये) संच मागायचा. 0.20 चा संच आखूड दांडीसाठी असतो. दांडी लांब असली की त्याच सुरासाठी ताण जास्त लागतो, म्हणून तार बारीक घ्यावी लागते.

जुळवणी वर्गात शिकवतात ती ‘कारा दुझेन’: खालचा गट ला, मधला रे, वरचा सोल. तुर्की पुस्तकांत स्वरांची नावं दो, रे, मी, फा, सोल, ला, सी अशी पाश्चात्त्य पद्धतीची असतात. ला हा बहुतेक चालींचा ‘करार’, म्हणजे विसावण्याचा स्वर. आपल्या भाषेत सांगायचं तर ला हा षड्ज, रे हा मंद्र मध्यम आणि सोल हा मंद्र कोमल निषाद.

तक्रार

तिसऱ्या आठवड्यात विद्यार्थिनीने वर्गात पाच तक्रारी सांगितल्या. पहिल्याच दिवशी तार तुटली. सगळ्यांबरोबर वाजवताना खालच्या भागातली ओळ ‘आंबट’ लागते. वरच्या सप्तकातला ला चढा वाजतो. चाल संपवून विसावलं तरी विसावल्यासारखं वाटत नाही. आणि प्रत्येक आघाताबरोबर टकटक आवाज येतो.

तिचा स्वतःचा निष्कर्ष असा होता की वाद्य जुनं आहे, दांडी वाकली आहे, नवं घ्यावं. नवशिक्यांच्या बाबतीत हा निष्कर्ष फार लवकर निघतो आणि दुकानदारांना तो आवडतो. दांडी वाकली आहे का हे पाहायला एक मिनिट लागतं. खालची बारीक तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबायची आणि मध्यावर तार व पडदे यांच्यातली फट बघायची. केसभर फट असेल तर दांडी ठीक आहे. इथे ती ठीक होती. म्हणजे दोष नंतर शिरला होता, आणि पाचही तक्रारींचं कारण एकच असेल असं धरून चालणं चूक ठरलं असतं.

तार का तुटली

वाद्य घरी आलं तेव्हा खालचा गट मोबाइलच्या ट्यूनरवर ‘दो’ दाखवत होता. पुस्तकात लिहिलं होतं ‘ला’. म्हणून ती खुंटी पिळत गेली, ट्यूनरवर ‘ला’ उमटायची वाट बघत. ‘रे’ ओलांडून ‘मी’ या स्वराजवळ येता येता तार तुटली.

पुस्तकातला ला हे स्वराचं नाव आहे, पट्टी नव्हे. गायकाचा सा जसा काळी एकला असेल किंवा पांढरी चारला, तसाच साझचा ला कुठेही लावता येतो. वाद्याची लांबी, गायकाचा गळा आणि सोबतची वाद्यं पाहून तो ठरतो. 880 मिलिमीटरच्या तारेला दो म्हणजे 261.6 हर्ट्झ सोसतो. 0.18 मिलिमीटरच्या पोलादी तारेवर तेव्हा सुमारे 4.3 किलोचा ताण येतो. त्याच तारेवर 440 हर्ट्झचा ला हवा असेल तर ताण 12 किलोच्या वर जातो, आणि एवढी बारीक तार ते झेलू शकत नाही. सुरापर्यंत पोचायच्या आधीच ती तुटणार हे ठरलेलंच होतं. पियानोवाले आणि गिटारवाले या खड्ड्यात हमखास पडतात. सतारवाले पडत नाहीत, कारण त्यांना षड्ज हलता ठेवायची सवय असते.

स्वतःला जपण्यासाठी एक नियम पुरे आहे: बारीक तार चढवताना चेहरा तबलीच्या वर नेऊ नये. आणि ट्यूनरवर स्वराच्या नावासोबत सप्तकाचा आकडाही दिसेल अशी सेटिंग ठेवावी.

घोडी

तार तुटल्यावर तिने पूर्ण संच आणला आणि सातही तारा एकदम काढल्या. बालामाची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच ती तबलीवर उभी असते. तारा निघाल्या तशी ती पडली आणि नंतर अंदाजाने पुन्हा ठेवली गेली.

मोजल्यावर ती दांडीच्या बाजूला 5 मिलिमीटर सरकलेली निघाली. परिणाम काय? पडदे 880 मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेले होते, तार मात्र आता 875 ची झाली. सतरावा पडदा आडीपासून 440 मिलिमीटरवर आहे. पूर्वी तिथून घोडीपर्यंत 440 उरत होते, आता 435 उरतात. वरचा ला त्यामुळे सुमारे 10 सेंट चढा वाजतो (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). कानाला हे बोचतं. पण हाच 5 मिलिमीटरचा घोटाळा दुसऱ्या पडद्यावर जेमतेम एका सेंटएवढा दिसतो.

निदानासाठी हा फरक फार कामाचा आहे. घोडीचा दोष आडीजवळ जवळपास दिसत नाही आणि जसजसं वर जावं तसतसा वाढत जातो. म्हणजे वरच्या ला च्या तक्रारीला घोडी जबाबदार होती, खालच्या ‘आंबट’ ओळीला नाही. दोन्ही तक्रारी एकाच खाती टाकल्या असत्या तर घोडी मागे-पुढे करण्यात एक संध्याकाळ वाया गेली असती आणि हाती काही लागलं नसतं.

दुरुस्ती सोपी आहे. तारा थोड्या ढिल्या करायच्या, पूर्ण नाही. घोडी दोन्ही हातांनी पायाजवळ धरून सरळ सरकवायची. मग खालच्या तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवून मोकळा सूर काढायचा, आणि तीच तार सतराव्या पडद्यावर दाबून वाजवायची. दाबलेला सूर चढा आला तर घोडी मागे, उतरता आला तर पुढे. जमलं की घोडीच्या दोन्ही पायांशी तबलीवर मऊ पेन्सिलने बारीक खूण करायची. पुढे तारा बदलायच्या झाल्या तर एका वेळी एकच गट बदलावा, म्हणजे घोडी पडण्याचा प्रश्नच येत नाही.

मुख्य दोष : दुसरा पडदा

‘आंबट’ ओळीत ला, सी, दो, रे असे चार स्वर होते आणि बोट सी वर आलं की वर्गातले बाकीचे एकीकडे आणि ती एकीकडे. त्या ओळीतला सी हा साधा सी नव्हे. स्वरलिपीत त्याच्याआधी कोमलाचं चिन्ह असतं आणि चिन्हावर 2 हा आकडा. वाचताना त्याला ‘सी बेमोल इकी’ म्हणतात. तुर्की संगीतात एका पूर्ण सुराचे 9 ‘कोमा’ मानतात आणि सप्तकाचे 53. आकडा 2 याचा अर्थ सी दोन कोमा खाली उतरवा. एक कोमा साधारण 22.6 सेंटचा, म्हणजे दोन कोमा 45 सेंट. ला पासून मोजलं तर हा स्वर सुमारे 158 सेंटवर येतो. आपल्या कानाला तो कोमल रिषभाच्या वर आणि शुद्ध रिषभाच्या खाली, दोघांच्या मधोमध कुठेतरी वाटेल. हुसेनी आणि उश्शाक या मकामांच्या (आपल्या रागांसारख्या स्वरचौकटींच्या) वळणाच्या असंख्य लोकचालींचा स्वभाव याच स्वरात असतो. तो बिघडला तर चाल ओळखू येते, पण परक्यासारखी.

दांडीवर या भागात तीन पडदे असतात. 880 मिलिमीटरच्या तारेवर आडीपासून त्यांची अंतरं अशी: साधा कोमल सी सुमारे 45 मिलिमीटरवर, सी बेमोल 2 सुमारे 77 वर, शुद्ध सी सुमारे 98 वर. विद्यार्थिनीच्या वाद्यावर मधला पडदा 89 वर सापडला.

तो तिथे कसा गेला हे तिने स्वतःच सांगितलं. नव्या तारा चढवताना पुन्हा तुटण्याच्या भीतीने तिने खालचा गट 220 हर्ट्झच्या ला वर लावला. ताण जेमतेम 3 किलोचा, आवाज थोडा लोंबता, पण धोका नाही. आता ट्यूनरवरची नावं पुस्तकातल्या नावांशी जुळू लागली. म्हणून तिने एकेक पडदा तपासला. दुसऱ्या पडद्यावर ट्यूनरने ‘सी’ लिहिलं आणि काटा 41 सेंट डावीकडे, लाल. गिटारच्या सवयीने तिने ठरवलं की पडदा सैल होऊन घसरला आहे. नायलॉनचा पडदा बोटाने सरकतो हे तिला माहीत होतंच. तिसऱ्या पडद्याच्या जवळ सरकवल्यावर काटा उणे 15 वर आला, रंग जवळपास हिरवा झाला, आणि ती समाधानाने झोपली.

ट्यूनर खोटं बोलत नव्हता. त्याला सप्तकात बाराच स्वर माहीत आहेत आणि हा तेरावा होता. जवळच्या ओळखीच्या स्वराचं नाव देऊन तो फरक दाखवतो, आणि माणूस त्या फरकाला चूक समजतो. उणे 41 हाच त्या पडद्याचा बरोबर आकडा होता.

इथे एक सावधगिरी. 158 सेंट ही कोमाच्या हिशेबाची जागा झाली. प्रत्यक्षात हा पडदा प्रांताप्रांतात, उस्तादाउस्तादात थोडा वर-खाली बांधलेला सापडतो. कोणाच्या वाद्यावर तो उणे 35 ला असतो, कोणाच्या उणे 50 ला. म्हणून आकड्याने सुरुवात करायची आणि शेवट वर्गातल्या वाद्यांशी कानाने जुळवून करायचा. सतारीवरही रागानुसार पडदे सरकवतात, तेव्हा हे काही अघटित नाही. मिरजेचा कारागीर पितळी पडदा दोऱ्याने बांधतो, तिथला कारागीर नायलॉनच्या दोऱ्याचाच पडदा करतो, इतकाच फरक.

पडदा परत जागेवर

खालच्या आणि मधल्या तारा अर्ध्या सुराने ढिल्या केल्या. पोलादी फूटपट्टी आडीच्या आतल्या कडेला टेकवून 77 मिलिमीटरवर दांडीच्या कडेला पेन्सिलची खूण केली. मग दोन्ही अंगठे पडद्याच्या दोन टोकांशी ठेवून तो थोडा थोडा, दोन्हीकडून सारखा ढकलला. एका बाजूने ढकलला तर पडदा तिरका होतो आणि खालचा गट सुरात व वरचा बेसूर अशी नवीच डोकेदुखी उभी राहते. नायलॉनचे वेढे एकमेकांवर चढले नाहीत ना हे नखाने चाचपून पाहायचं. चढले असतील तर तार तिथे झणझणते.

सरकून आलेला पडदा थोडा सैल वाटला. सैल पडदा वाजवता वाजवता पुन्हा घसरतो, म्हणून तो कापून नवा बांधावा लागला. जुना पडदा टाकून न देता त्याचा नमुना म्हणून उपयोग केला: तितकेच वेढे, तितकाच जाड दोरा. गाठ दांडीच्या कडेला, जिथे बोटं आणि अंगठा फिरत नाहीत अशा बाजूला. टोक कापून निखाऱ्याएवढ्या आचेने टेकवून बोथट केलं. पहिल्यांदा बांधणाऱ्याला एका पडद्याला वीस मिनिटं लागतात आणि पहिला बहुधा फसतो. दोरा थोडा जास्त घेऊन बसावं.

यानंतर पूर्ण वाद्य वर्गाच्या पट्टीत, म्हणजे दो वर आणलं. मग मधला गट फा आणि वरचा सी कोमल झाला, नावं अर्थातच पुस्तकातली ला, रे, सोलच राहिली. आता ट्यूनर दुसऱ्या पडद्यावर ‘रे, उणे 41’ दाखवू लागला. नाव बदललं, आकडा तोच. हे तिला दाखवल्यावर मग ‘ला म्हणजे पट्टी नव्हे’ हे वाक्य पहिल्यांदा खरं पोचलं.

न विसावणारा करार

उरलेल्या दोन तक्रारी हाताच्या होत्या.

बालामावर तेझेने बहुतेक वेळा तिन्ही गटांवरून फिरतो. चाल एका गटावर चालते आणि बाकीचे मागे गुंजत राहतात. कारा दुझेनमध्ये वरचा गट सोल आहे. चाल ला वर येऊन थांबली आणि वरचा सोल मोकळाच बोलत राहिला, तर दोन शेजारचे स्वर एकमेकांवर घासतात. यावर तोडगा अंगठ्याचा. डावा अंगठा दांडीवरून पुढे आणून वरचा गट तिसऱ्या पडद्यावर दाबायचा, म्हणजे सोलचा ला होतो. गिटारवाल्यांचा अंगठा दांडीच्या मागे लपलेला असतो, त्याला बाहेर काढायलाच दोन आठवडे जातात. विद्यार्थिनीच्या बाबतीत आणखी एक गंमत होती. सरकलेला दुसरा पडदा तिसऱ्याच्या जवळ आल्याने तिचा अंगठा दोन्हींच्या मध्ये पडायचा आणि सूर दबून जायचा. पडदा हलल्यावर निम्मी अडचण आपोआप सुटली.

टकटकीचं कारण गिटारचं जाड पिक. तेझेने लांबट, अरुंद आणि लवचिक असतो. पूर्वी तो चेरीच्या झाडाच्या सालीचा करत, आता प्लास्टिकचा. लवचिक टोक तारेवर वाकून निसटतं. कडक पिक तारेत अडकतं, मग हात जोर लावतो आणि पुढच्या क्षणी पिक तबलीवर आपटतं. स्प्रूस मऊ लाकूड आहे, वर्षभरात खड्डा पडतो. तेझेने अंगठा आणि तर्जनीत सैल धरायचा, हालचाल मनगटातून, कोपर जवळपास स्थिर. कोपराच्या आतला भाग पेट्याच्या कडेवर टेकला की वाद्य आपोआप स्थिर राहतं आणि डाव्या हाताला दांडी पेलावी लागत नाही.

पुढचे चार आठवडे

सराव रोज 25 मिनिटं, त्याहून जास्त नको. बारीक तारा नवख्या बोटांना कापतात.

पहिल्या आठवड्यात डावा हात मांडीवर. फक्त तेझेने, मिनिटाला 60 ठोक्यांवर, एक खाली एक वर, तिन्ही गटांवरून. आवाज सारखा यायला हवा. वरच्या दिशेचा आघात नेहमी दुबळा निघतो, तिकडेच लक्ष. दुसऱ्या आठवड्यात ला, सी बेमोल 2, दो, रे हे चार स्वर चढते-उतरते, प्रत्येक उतरणीला अंगठा वरच्या गटावर. बोट पडद्याच्या लगेच मागे ठेवायचं. पडद्यापासून दूर दाबलं तर जोर जास्त लागतो आणि सूर चढतो. नायलॉनच्या पडद्यावर हे धातूच्या पडद्याहून जास्त जाणवतं. तिसऱ्या आठवड्यात चार मात्रांची एक साधी चाल, चौथ्यात तीच चाल वर्गाबरोबर.

नऊ मात्रांच्या लंगड्या ताला (दोन-दोन-दोन-तीन) ची झेयबेक नृत्याची चाल विद्यार्थिनीला दुसऱ्याच आठवड्यात हवी होती. इझमीरमध्ये राहून ही इच्छा होणं साहजिक आहे, एजियन किनाऱ्याचा तो खास ताल. पण झेयबेकची तेझेने मारण्याची ढब वेगळी आहे. कोन्या आणि योझगात या भागांची, अझरी (अझरबैजानी) चालींची ढबही अशीच वेगवेगळी, आणि प्रत्येक ढब म्हणजे उजव्या हाताचा स्वतंत्र अभ्यास. वर-खालचा साधा आघात सारखा झाल्याशिवाय ढबीला हात घालू नये, कारण तोपर्यंत ढब आणि चूक यांतला फरक कानालाच कळत नाही.

चौथ्या आठवड्याअखेर वर्गाबरोबर वाजवताना सी बेमोल 2 जुळला. मोजल्यावर तो उणे 41 नव्हे तर उणे 38 वर होता. शिक्षकाच्या वाद्याशी जुळवताना तिने कानाने पडदा दीड मिलिमीटर सरकवला होता, आणि दांडीच्या कडेला पेन्सिलची दुसरी खूण केली होती. ट्यूनर आता फक्त तीन मोकळ्या गटांसाठी बाहेर निघतो. सातव्या पडद्याच्या आसपास मधली तार अजून किंचित झणझणते. तो पडदा पुढच्या रविवारी बदलायचा आहे.